स्वतःला बांधून घेणारे वचन : आर्मेनिया आणि हेगचे फौजदारी न्यायालय

विषय

आर्मेनियाच्या संसदेने 3 ऑक्टोबर 2023 रोजी 60 विरुद्ध 22 मतांनी रोम कराराला मान्यता दिली. मान्यतापत्र 14 नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांकडे जमा झाले आणि 1 फेब्रुवारी 2024 पासून आर्मेनिया हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा 124वा सदस्य देश झाला. याच करारावर त्याने 1 ऑक्टोबर 1999 रोजीच सही केलेली होती. सहीने दिलेले वचन अमलात यायला चोवीस वर्षे लागली. ती का लागली, हे पाहू गेले की या विषयातले बहुतेक वाद समोर येतात.

रोम करार 17 जुलै 1998 रोजी 120 मतांनी संमत झाला. 7 देश विरोधात गेले आणि 21 तटस्थ राहिले. साठ देशांची मान्यता मिळाल्यावर 1 जुलै 2002 पासून तो लागू झाला. या कराराने स्थापन झालेल्या न्यायालयापुढे चार प्रकारचे गुन्हे येतात : वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. खटला देशावर चालत नाही, व्यक्तीवर चालतो. कमाल शिक्षा 30 वर्षांची कैद, अतिशय गंभीर प्रकरणी जन्मठेप. मृत्युदंडाची तरतूद नाही. न्यायालयाजवळ स्वतःचे पोलीस नाहीत. आरोपीला पकडून हेगला पोचवण्याची जबाबदारी सदस्य देशांची असते.

हेगमध्येच बसणारे आंतरराष्ट्रीय न्यायालय ही निराळी संस्था आहे. तेथे एक देश दुसऱ्या देशावर दावा लावतो. युगोस्लाव्हियासाठी 1993 मध्ये आणि रवांडासाठी 1994 मध्ये नेमलेली न्यायाधिकरणेही निराळी. ती सुरक्षा परिषदेने त्या त्या संघर्षापुरती स्थापन केली होती आणि संबंधित देशाच्या संमतीवर अवलंबून नव्हती. फौजदारी न्यायालय कायमस्वरूपी आहे आणि त्यात प्रत्येक देश आपल्या इच्छेने येतो. सरकारच्या वचनाला येथे महत्त्व येते ते यामुळे.

आर्मेनियाच्या वाटचालीतले टप्पे थोडक्यात असे आहेत. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्या देशाच्या घटना न्यायालयाने रोम करारातील काही तरतुदी राज्यघटनेशी विसंगत ठरवल्या आणि विषय थांबला. 2015 मध्ये राज्यघटनेत मोठे बदल झाले. 2020 च्या शरद ऋतूत नागोर्नो-काराबाखसाठी अझरबैजानशी 44 दिवसांचे युद्ध झाले. काराबाख हा आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानचा, पण आर्मेनियन वस्तीचा प्रदेश. तेथे आर्मेनियन बाजूचा मोठा पराभव झाला. मे 2021 मध्ये अझरबैजानी सैन्य खुद्द आर्मेनियाच्या स्युनिक प्रांतात घुसले. सप्टेंबर 2022 मध्ये आर्मेनियातील जेर्मुक व इतर ठिकाणांवर हल्ले झाले. दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 300 जवान मारले गेले. शरण आलेल्या आर्मेनियन सैनिकांना गोळ्या घातल्याचे दाखवणारी चित्रफीत याच काळात पसरली. डिसेंबर 2022 च्या अखेरीस सरकारने रोम करार पुन्हा घटना न्यायालयापुढे नेला आणि 24 मार्च 2023 रोजी न्यायालयाने तो राज्यघटनेशी सुसंगत ठरवला.

संशय

संसदेतील मतदानाने कायदेशीर प्रक्रिया संपली, शंका मात्र उरल्या. परक्या न्यायालयाला आपल्या नागरिकांवर अधिकार देणे म्हणजे सार्वभौमत्व सोडणे नव्हे काय? हे पाऊल न्यायासाठी उचलले की शत्रूला शह देण्यासाठी? रशिया या जुन्या मित्रदेशाच्या अध्यक्षाविरुद्ध त्याच न्यायालयाचे वॉरंट असताना ते शहाणपणाचे आहे का? आणि शांतता करार दाराशी आला असता खटल्यांची वाट मोकळी ठेवावी की बंद करावी? भारतीय शास्त्रग्रंथांत अशा संशयाची तपासणी वादपद्धतीने होते. त्याच रीतीने पुढे या निर्णयावरचे आक्षेप पूर्वपक्षाच्या तोंडी आणि त्यांची उत्तरे उत्तरपक्षाच्या तोंडी दिली आहेत.

पहिला वाद : राज्यघटना आणि सार्वभौमत्व

पूर्वपक्ष : न्यायदान कोणी करायचे हे देशाची राज्यघटना ठरवते. 2004 मध्ये आर्मेनियाच्या घटना न्यायालयाने नेमके हेच म्हटले होते. घटनेने सांगितलेल्या न्यायसंस्थेला बाहेरच्या न्यायालयाची जोड देण्यास तिथे आधार नव्हता. हेगने शिक्षा दिलेल्या माणसाला देशातल्या सार्वजनिक माफीचा वा राष्ट्राध्यक्षांच्या क्षमेचा लाभ मिळत नाही, हीसुद्धा अडचण होती. करार एका अक्षरानेही बदललेला नाही. मग 2004 मध्ये जे घटनाबाह्य होते ते 2023 मध्ये घटनेत बसले कसे?

उत्तरपक्ष : करार तोच राहिला, राज्यघटना बदलली. 2015 नंतरच्या मजकुरात न्यायव्यवस्थेची आणि आंतरराष्ट्रीय करारांची मांडणी निराळी आहे. नव्या निकालाचा पाया तोच. शिवाय हेगचे न्यायालय राष्ट्रीय न्यायालयांच्या डोक्यावर बसवलेले अपील न्यायालय नाही. रोम कराराच्या 17व्या कलमानुसार गुन्ह्याचा तपास करण्याचा पहिला हक्क त्या देशाचाच आहे. देश खरोखर तपास करीत असेल तर हेगला ते प्रकरण हाती घेता येत नाही. देशाची इच्छा नसेल किंवा कुवत नसेल, तेव्हाच ते पुढे येते.

पूर्वपक्ष : इच्छा नाही हे ठरवणार कोण? हेगचेच न्यायाधीश. म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा.

उत्तरपक्ष : शेवटचा शब्द त्यांचा, हे मान्यच केले पाहिजे. मात्र त्या आधी देशाला हरकत घेता येते आणि हरकत फेटाळली तर अपीलही करता येते. कोलंबियाचे उदाहरण बोलके आहे. तेथील दीर्घ यादवीतील गुन्ह्यांची प्राथमिक तपासणी हेगच्या अभियोक्त्यांनी 2004 पासून चालवली होती. कोलंबियाने शांतता करारानंतर त्या गुन्ह्यांसाठी स्वतःचे विशेष न्यायालय उभे केले आणि ते काम करू लागले. त्यानंतर 2021 मध्ये हेगने आपली तपासणी बंद केली. देशात न्याय होत असेल तर सार्वभौमत्वाला धक्का लागत नाही. आपल्याच बड्या माणसांना पाठीशी घालण्याची मोकळीक तेवढी जाते, आणि वचनाची खरी किंमत तीच आहे.

दुसरा वाद : न्यायाची चाड की युद्धातले हत्यार

पूर्वपक्ष : कालक्रम पाहिला तर हेतू लपत नाही. 2004 पासून हा विषय अडगळीत पडला होता. तो बाहेर निघाला सप्टेंबर 2022 च्या हल्ल्यानंतर, म्हणजे सरकारला अझरबैजानविरुद्ध काहीतरी साधन हवे होते तेव्हा. हे न्यायावरचे प्रेम मानता येत नाही.

उत्तरपक्ष : संकटात आठवण झाली हे खरे आहे. युक्रेनचेही तसेच झाले. त्याने जानेवारी 2000 मध्ये सही केली, 2001 मध्ये त्याच्याही घटना न्यायालयाने हरकत घेतली आणि पूर्ण सदस्यत्व आले 1 जानेवारी 2025 रोजी, युद्धाच्या तिसऱ्या वर्षात. पण कायद्यात एकदा पाऊल टाकले की टाकणाऱ्याचा हेतू मागे पडतो आणि कलमे पुढे येतात. त्या कलमांखाली आता आर्मेनियाचा प्रत्येक नागरिक येतो, मग गुन्हा जगात कुठेही घडलेला असो. युक्रेनने 124व्या कलमाचा आधार घेऊन आपल्या नागरिकांवरील युद्धगुन्ह्यांच्या आरोपांपुरती सात वर्षांची सूट मागून ठेवली. आर्मेनियाने अशी सूट मागितली नाही.

पूर्वपक्ष : मग तोल आर्मेनियाच्याच विरुद्ध जातो. अझरबैजान सदस्य नाही. त्याचा सैनिक आर्मेनियाच्या भूमीवर गुन्हा करील तेवढ्यापुरताच न्यायालयाच्या कक्षेत येईल. आर्मेनियन सैनिक मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंना जबाबदार राहील. हत्यार म्हणून घेतलेली वस्तू आपल्याच हातावर चालणार असेल तर तो व्यवहार फसलेला आहे.

उत्तरपक्ष : हा हिशेब अचूक आहे, आणि निव्वळ हत्यार मिळवण्याचा हेतू असल्याच्या आरोपाला तोच उत्तर देतो. सदस्यत्वाने आर्मेनियाने स्वतःच्या सैन्यावर जितका अंकुश स्वीकारला तितका तो शत्रूवर ठेवू शकत नाही. त्या बदल्यात एक गोष्ट मिळाली. आपल्या भूमीवर येणाऱ्या कोणत्याही सैन्याच्या अधिकाऱ्याला, त्याचा देश सदस्य असो वा नसो, वैयक्तिक जबाबदारीची जाणीव ठेवावी लागेल. तीस लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला रणगाड्यांच्या संख्येवर सुरक्षा तोलता येत नाही. त्याला कायद्याचे कुंपणही लागते.

पूर्वपक्ष : त्या कुंपणाची रेषा तरी प्रामाणिकपणे आखली आहे काय? 12व्या कलमाखाली देशाला मागील काळासाठीही न्यायालयाचा अधिकार मान्य करता येतो. 1 जुलै 2002 पर्यंत मागे जाता आले असते. आर्मेनियाने तारीख निवडली ती 10 मे 2021. अझरबैजानी सैन्य स्युनिकमध्ये शिरले ते त्यानंतर लगेच. 2020 चे संपूर्ण युद्ध मात्र बाहेर राहिले.

उत्तरपक्ष : तारखेची निवड राजकीय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2020 ची लढाई बहुतांशी आंतरराष्ट्रीय कायद्याने अझरबैजानच्या असलेल्या भूमीवर झाली. तो काळ आत घेतला असता तर आर्मेनियन नागरिक न्यायालयाच्या कक्षेत आले असते आणि अझरबैजानी बहुतेक बाहेर राहिले असते. सरकारने हे टाळले. त्यामागचे गणित समजते. पण 2020 मध्ये ज्यांचे बळी गेले, दोन्ही बाजूंच्या त्या कुटुंबांना या वचनातून काही मिळाले नाही, ही उणीव राहतेच.

तिसरा वाद : काराबाखच्या निर्वासितांचे काय

पूर्वपक्ष : सर्वांत मोठी हानी तर न्यायालयाच्या हद्दीबाहेरच घडली. डिसेंबर 2022 पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला आणि काराबाखमध्ये अन्न, औषध, इंधन यांची टंचाई झाली. 19 सप्टेंबर 2023 रोजी अझरबैजानने लष्करी कारवाई केली आणि काही दिवसांतच एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक घरेदारे सोडून निघाले. ती भूमी अझरबैजानची आहे, हे आर्मेनियाच्या सरकारनेही मान्य केले होते. मग त्या भूमीवरच्या कृत्यांवर आर्मेनियाच्या सदस्यत्वाचा काय उपयोग?

उत्तरपक्ष : हद्दपारीचा गुन्हा एकाच भूमीवर पुरा होत नाही. माणसाला सीमेपलीकडे ढकलले जाते तेव्हा गुन्ह्याचा शेवट पलीकडच्या देशात होतो. म्यानमारच्या रोहिंग्यांबाबत 6 सप्टेंबर 2018 रोजी हेगच्या न्यायाधीशांनी हाच विचार स्वीकारला. म्यानमार सदस्य नाही, बांगलादेश आहे, आणि लोक बांगलादेशात लोटले गेले. एवढ्या धाग्यावर न्यायालयाने आपला अधिकार मानला आणि 2019 मध्ये तपासाला परवानगी दिली. काराबाखचे लोक सीमा ओलांडून सदस्यत्वाच्या वाटेवर असलेल्या आर्मेनियात आले आणि मागील काळाचा अधिकार 10 मे 2021 पासून मान्य झालेला आहे. त्यामुळे हा युक्तिवाद इथेही लागू करता येण्याजोगा आहे.

पूर्वपक्ष : करता येण्याजोगा आणि केलेला यांत अंतर आहे. अझरबैजानचे म्हणणे असे की लोक आपल्या मर्जीने गेले. बळजबरी सिद्ध करावी लागेल आणि ज्या भूमीवर पुरावा आहे तिचे दार बंद आहे.

उत्तरपक्ष : दार बंद आहे, पण साक्षीदार आर्मेनियातच आहेत, सीमा ओलांडून आलेला प्रत्येक माणूस हा साक्षीदार आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने देशादेशांतल्या दाव्यात 17 नोव्हेंबर 2023 रोजी अझरबैजानला आदेश दिला की 19 सप्टेंबरनंतर गेलेल्या ज्या लोकांना परत यायचे आहे त्यांना सुरक्षितपणे, विनाअडथळा येऊ द्यावे. त्या आदेशाने कोणाचा गुन्हा सिद्ध होत नाही. परतीचा हक्क मात्र एका न्यायालयाच्या दप्तरी नोंदला गेला आहे. खटला उभा राहील की नाही हे अभियोक्त्यांवर आणि पुराव्यावर अवलंबून आहे. सदस्यत्व नसते तर तो प्रश्नच उद्भवला नसता.

चौथा वाद : मित्रदेश आणि अटक वॉरंट

पूर्वपक्ष : 17 मार्च 2023 रोजी हेगने रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांच्याविरुद्ध वॉरंट काढले. युक्रेनमधील मुलांना बेकायदा रशियात नेल्याचा आरोप त्यात आहे. त्यानंतर आठवड्याभरात आर्मेनियाच्या घटना न्यायालयाचा अनुकूल निकाल आला. आर्मेनिया तेव्हा रशियाच्या नेतृत्वाखालील सामूहिक सुरक्षा संघटनेत होता. ग्युम्री शहरात रशियाचा लष्करी तळ आहे. नैसर्गिक वायू रशियाकडून येतो, व्यापार रशियाशी सर्वांत मोठा, लाखो आर्मेनियन लोक रशियात पोट भरतात. मॉस्कोने हे पाऊल आपल्याशी शत्रुत्वाचे मानले जाईल असा इशारा दिला होता. लहान देशाने इतका मोठा रोष ओढवून घेणे जबाबदारीचे नव्हते.

उत्तरपक्ष : करार घटना न्यायालयाकडे गेला तो डिसेंबर 2022 मध्ये, वॉरंटच्या आधी. निकालाची आणि वॉरंटची गाठ योगायोगाने पडली. आणि संरक्षणाचा प्रश्न काढायचा तर मे 2021 आणि सप्टेंबर 2022 मध्ये आर्मेनियाने मदत मागितली तेव्हा ती सुरक्षा संघटना लढायला उभी राहिली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये काराबाखमध्ये तैनात असलेल्या रशियन शांतिसैनिकांनाही लोकांचे निर्गमन रोखता आले नाही. मित्राच्या भरवशावर न्यायालय नाकारावे, तर तो भरवसाच कमी पडला होता. फेब्रुवारी 2024 मध्ये आर्मेनियाने त्या संघटनेतला सहभाग गोठवल्याचे जाहीर केले, त्याची मुळे इथे आहेत.

पूर्वपक्ष : तरी सरकारने रशियाला द्विपक्षीय कराराची तयारी दाखवली, म्हणजे मित्रदेशाच्या अध्यक्षाला अपवाद करण्याची वाट शोधली. 27व्या कलमानुसार पदामुळे कोणालाही सवलत नाही. मग अपवाद शोधणारे वचन ते कसले?

उत्तरपक्ष : या प्रकरणातला सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. 98वे कलम परदेशी अधिकाऱ्यांच्या राजनैतिक संरक्षणाबाबत काही मर्यादा घालते आणि आर्मेनियाने तिचा आधार शोधला. पण हेगच्या न्यायाधीशांनी असा बचाव मान्य केलेला नाही. सप्टेंबर 2024 मध्ये पुतिन सदस्य असलेल्या मंगोलियात गेले आणि अटक झाली नाही. त्याच वर्षी 24 ऑक्टोबरला न्यायालयाने मंगोलियाने आपले कर्तव्य मोडले असा निर्णय दिला. त्याआधी 2015 मध्ये सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर जोहान्सबर्गला येऊन सुखरूप परतले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेवरही हाच ठपका आला. उलट बाजूही आहे. ऑगस्ट 2023 मध्ये ब्रिक्सची परिषद त्याच जोहान्सबर्गला होती आणि पुतिन यांनी तेथे जाण्याऐवजी दूरदृश्य प्रणालीने भाग घेतला. सदस्यत्वाने अटक घडतेच असे नाही, पण कुठे जायचे याचा विचार करावा लागतो. आर्मेनियाने वॉरंट असलेल्या पाहुण्याचे स्वागत केले तर त्याचे वचन मोडेल. त्याला कोणतीही सबब चालणार नाही.

पाचवा वाद : दुबळे आणि पक्षपाती न्यायालय

पूर्वपक्ष : ज्या न्यायालयाचे अमेरिका, रशिया, चीन आणि भारत सदस्य नाहीत, ते जगाचे न्यायालय कसे म्हणावे? सुरक्षा परिषद बिगरसदस्य देशाचे प्रकरणही हेगकडे पाठवू शकते. 2005 मध्ये सुदानमधील दार्फुर आणि 2011 मध्ये लिबिया असेच गेले. पण 2014 मध्ये सीरियाचे प्रकरण पाठवायचा ठराव रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरून पाडला. परिषदेतल्या पाच कायम सदस्यांपैकी तिघे स्वतः बाहेर राहून दुसऱ्यांना आत पाठवतात. भारताने 1998 मध्ये तटस्थ राहताना याच अधिकाराला हरकत घेतली होती. अण्वस्त्रांच्या वापराला युद्धगुन्ह्यांच्या यादीत जागा मिळाली नाही, हाही भारताचा आक्षेप होता. पहिली कित्येक वर्षे खटले आफ्रिकी आरोपींवरच चालले. 2025 मध्ये अमेरिकेने अभियोक्त्यांवर आणि न्यायाधीशांवर निर्बंध लादले, हंगेरीने बाहेर पडायचे ठरवले. बुडत्या नावेत चढण्यात शहाणपण नाही.

उत्तरपक्ष : भारताचे आक्षेप तोलामोलाचे आहेत आणि त्यांतला सुरक्षा परिषदेविषयीचा आक्षेप आजही खोटा पडलेला नाही. बलाढ्यांना सूट मिळते ही या व्यवस्थेची खरी त्रुटी आहे. परंतु तिचा निष्कर्ष काय काढायचा? अण्वस्त्रे, मोठे सैन्य आणि स्वतंत्र न्यायसंस्था असलेला देश बाहेर राहू शकतो. ज्याला यांतले पहिले दोन नाहीत त्याला अपूर्ण कायदाही कायद्याच्या अभावापेक्षा बरा. न्यायालय दुबळे आहे हे खरे, पण निष्क्रिय नाही. काँगोमधील सशस्त्र गटाचा म्होरक्या थॉमस लुबांगा याला मुलांना लढाईत जुंपल्याबद्दल 2012 मध्ये 14 वर्षांची शिक्षा झाली. दार्फुरच्या प्रकरणात मिलिशियाचा प्रमुख अली कुशायब ऑक्टोबर 2025 मध्ये दोषी ठरला. प्रकरण पाठवल्यापासून त्या निकालापर्यंत वीस वर्षे लागली, पण निकाल लागला.

पूर्वपक्ष : सत्ताधारी कधी सापडतो का? सापडतात ते पदच्युत आणि पराभूत.

उत्तरपक्ष : सत्ता कायमची नसते आणि या गुन्ह्यांना मुदतीची मर्यादा नसते. फिलिपाइन्सचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे आहे. अमली पदार्थांविरोधी मोहिमेतील हत्यांची चौकशी सुरू होताच अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी देशाला करारातून बाहेर काढले. 17 मार्च 2019 पासून फिलिपाइन्स सदस्य राहिले नाही. सदस्यत्वाच्या काळातील कृत्यांची जबाबदारी मात्र तशीच राहिली. 11 मार्च 2025 रोजी माजी अध्यक्ष दुतेर्ते यांना मनिलात अटक झाली आणि हेगला रवाना केले गेले. एका सरकारने दिलेले वचन दुसऱ्या सरकारला सहज पुसता आले नाही.

सहावा वाद : शांतता आधी की न्याय आधी

पूर्वपक्ष : 8 ऑगस्ट 2025 रोजी वॉशिंग्टनमध्ये आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली. पंतप्रधान निकोल पशिन्यान आणि अध्यक्ष इल्हाम अलियेव्ह समोर होते. दोन्ही देशांनी एकमेकांविरुद्धचे आधीच्या वादांतील सर्व दावे मागे घ्यावेत, असे त्या मसुद्यात म्हटले आहे. तीन दशकांच्या रक्तपातानंतर शांतता मिळत असेल तर खटल्यांचा आग्रह सोडावा. जखम उकरत राहिली की भरत नाही.

उत्तरपक्ष : ते कलम एका देशाने दुसऱ्या देशावर लावलेल्या दाव्यांविषयी आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात 2021 पासून चाललेले परस्परांविरुद्धचे दावे त्यात येतील. हेगच्या फौजदारी न्यायालयातील खटला व्यक्तीविरुद्ध असतो आणि तो अभियोक्ता चालवतो. दोन सरकारांनी समेट केला म्हणून तिसऱ्याचा अधिकार आपोआप संपत नाही.

पूर्वपक्ष : कागदावर संपत नाही. पण ज्या सरकारने दावे सोडायचे ठरवले ते पुरावा गोळा करून हेगला देईल, अशी अपेक्षा भाबडी आहे. मग वचन जिवंत राहील आणि निरुपयोगी होईल.

उत्तरपक्ष : धोका खरा आहे. आर्मेनियन समाजाला तो नवा नाही. 24 मे 1915 रोजी ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया यांनी ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन लोकांच्या कत्तलींना मानवतेविरुद्धचे आणि सभ्यतेविरुद्धचे गुन्हे म्हटले आणि जबाबदार व्यक्तींना वैयक्तिकरीत्या दोषी धरण्याची घोषणा केली. त्या साम्राज्याशी झालेल्या 1920 च्या सेव्हर तहाच्या 230व्या कलमात आरोपी ताब्यात देण्याची अटही आली. तो तह अमलात आला नाही. त्याची जागा घेणाऱ्या 1923 च्या लोझान तहात ते कलम नव्हते. त्याच्यासोबत माफीची घोषणा होती. आर्मेनियन लोकांनी शतकभर जो न्याय मागितला तो शांततेच्या नावाखाली एकदा सोडला गेला होता.

पूर्वपक्ष : सेव्हर कोसळले कारण त्यामागे बळ नव्हते. हेगमागेही नाही. इतिहास तुमच्या बाजूने बोलत नाही.

उत्तरपक्ष : बळाचा अभाव सारखा आहे, रचना सारखी नाही. सेव्हर हे विजेत्यांनी पराभूतावर लादलेले कलम होते. विजेत्यांचे मन बदलताच ते संपले. रोम कराराचा आधार प्रत्येक देशाने स्वतःवर घातलेल्या बंधनात आहे. बाहेर पडायचे म्हटले तरी 127व्या कलमानुसार सूचना दिल्यापासून वर्षभर थांबावे लागते आणि तोवरची जबाबदारी सुटत नाही. शांतता आणि न्याय यांचा क्रम सरकारे लावतील. एकासाठी दुसऱ्याचे दार कायमचे लावून टाकण्याचा अधिकार मात्र त्यांनी आपल्या हाताने सोडला आहे.

निर्णय

दोन्ही पक्ष तोलल्यावर काही गोष्टी स्थिर होतात. आर्मेनियाचे पाऊल संकटातून आले आणि त्याची तारीख सोयीने निवडली गेली. पूर्वपक्षाचे हे म्हणणे टिकते. न्यायालय अपूर्ण आहे आणि बलाढ्य देश त्याच्या कक्षेबाहेर राहतात, हेही टिकते. सार्वभौमत्व गेले हा आक्षेप टिकत नाही, कारण तपासाचा पहिला हक्क देशाकडेच राहतो. सदस्यत्व म्हणजे केवळ शत्रूविरुद्धचे साधन, हेही टिकत नाही. त्याचा भार आर्मेनियाच्या स्वतःच्या सैनिकांवर अधिक पडतो आणि आर्मेनियाने तो सूट न मागता घेतला.

राहतो तो वचनपूर्तीचा प्रश्न, आणि तो तीन कसोट्यांवर पाहता येतो. पहिली कसोटी देशांतर्गत कायद्याची : 88व्या कलमानुसार न्यायालयाशी सहकार्याची कार्यपद्धती प्रत्येक सदस्याने आपल्या कायद्यात ठेवलीच पाहिजे, ती नसेल तर सदस्यत्व नावापुरते ठरते. दुसरी कसोटी आपल्या माणसांची : आर्मेनियन सैनिकावर आरोप आला तर राजधानी येरेव्हानमध्ये निःपक्ष तपास झाला पाहिजे, आणि तसा तपास झाला तर हेगची गरजच पडणार नाही. तिसरी कसोटी मित्राची : वॉरंट असलेली व्यक्ती कितीही उपयोगी असली तरी तिला देशात आश्रय वा मानपान मिळता कामा नये. शत्रूला कायदा लावण्याची इच्छा प्रत्येक सरकारला असते, त्यासाठी वचनाची गरज नसते. वचन लागते ते स्वकीयांसाठी आणि मित्रांसाठी. या दोन ठिकाणी आर्मेनिया जितका ठाम राहील तितकेच 1 फेब्रुवारी 2024 च्या सदस्यत्वाचे मोल राहील, आणि काराबाखहून आलेल्या लाखभर माणसांसाठी न्याय मागण्याचा त्याचा अधिकारही तितकाच भक्कम होईल.